फॅक्स सर्व्हरला लावलेली तीट

जयनगरच्या त्या कचेरीत शरच्चंद्राला स्वतःची खोली होती. खोली म्हणजे काय, माणूस आत शिरला की खुर्चीनं बाहेर यावं, एवढीच. पण तिला दार होतं, दाराला कडी होती, खिडकीबाहेर करंजाचं झाड होतं आणि टेबलावर, बायकोनं, सुचेतानं, विणलेल्या रुमालाखाली, फॅक्सचं यंत्र होतं.

साऱ्या जगानं फॅक्स कधीच सोडला. पोर चालायला लागलं की पाळणा माळ्यावर टाकावा, तसा टाकला. पण कंपनीच्या आनेकलच्या कारखान्यात जे व्हॉल्व्ह घडत ते जात ओसाकाला, आणि तिथली गिऱ्हाईक कंपनी जुन्या वळणाची. व्हॉल्व्ह सोन्याचा असला तरी त्याच्या तपासणीचा दाखला सहीशिक्क्यासकट फॅक्सनं आला पाहिजे. ईमेल म्हणजे त्यांच्या लेखी वाऱ्यावरची वरात. दाखला पोचला की ओकुमुरा नावाच्या तिथल्या कारकुनाचं उत्तर येई, नेटक्या इंग्रजीत आणि वळणदार हातानं: 'दाखला मिळाला. आज इथे ऊन आहे.' शरच्चंद्र उलट लिही, 'इथे ढग आहेत, पण पडत नाहीत.' दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण पाहिलेली माणसं तरी कुठं रोज आपल्या आकाशाची खबर देतात?

अशा सुखात एका सकाळी मालक महांतेश एका तरुणाला घेऊन आले. महांतेश बेळगावकडचे. बोलण्यात मराठी, हिशेबात कन्नड आणि रागात दोन्ही.

"अण्णा, हा प्रणीत. पुण्याचा आहे. आपल्याकडं नेटवर्क फॅक्स सर्व्हर बसवतोय बघा."

"सर, अ‍ॅक्चुअली खूप सिंपल आहे," प्रणीत म्हणाला. "स्कॅनरवर पान ठेवायचं, आपल्या डेस्कवरून नंबर टाकायचा. सर्व्हर लाइन मोकळी बघतो, स्वतः पाठवतो, लागली नाही तर परत ट्राय करतो. येणारा फॅक्स ज्याचा त्याच्या मेलमध्ये. कागद नको, रांग नको, मध्ये कोणी नको."

'मध्ये कोणी नको' हे तो शरच्चंद्राकडे बघून म्हणाला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

"आणि तो सर्व्हर बसतो कुठं?"

"सर, तो व्हर्च्युअल आहे."

"म्हणजे कुठं?"

"म्हणजे... कुठंच नाही. म्हणजे आहे, पण अमुक जागी असा नाही."

महांतेशांनी उरलेलंही सांगून टाकलं. दिवाळीपर्यंत ओसाकाला नवी पद्धत रुळली, की ही खोली मोडायची, तिथं कॉफीचं यंत्र ठेवायचं, आणि अण्णांनी आनेकलला जाऊन कारखान्याचं स्टोअर सांभाळायचं. "हवा चांगली आहे की तिकडं," ते म्हणाले. शरच्चंद्राच्या डोळ्यांपुढे आनेकलची ती बस उभी राहिली, जिच्यात हवा सोडून बाकी सगळं मावतं.

संध्याकाळी त्यानं हे शेजारच्या नरसिंहरावांच्या कानावर घातलं. नरसिंहराव टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची पाकिटं हाताळल्यामुळे त्यांचा कुठल्याच पाकिटावर विश्वास उरला नव्हता. घरची लग्नपत्रिकाही ते आधी उजेडात धरून बघत.

"कुठंच नाही म्हणतो, आणि सगळ्यांचं वाचतो?" नरसिंहरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "शरच्चंद्रा, असा एक देव असतो आणि दुसरा हेर असतो. देव फुकट काम करत नाही, नवस मागतो. हा काय मागतोय ते स्वल्प बघ."

शरच्चंद्र त्या दिवसापासून बघू लागला.

बघण्याआधी एक काम मात्र त्यालाच करावं लागलं. जुना फॅक्स नंबर सर्व्हरकडे वळवायचा तर टेलिफोनच्या कचेरीत अर्ज हवा होता. आपल्याच हातानं आपल्या खोलीचा पाया उकरायला तो निघाला. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, शरच्चंद्राला वाचलं, परत अर्ज वाचला.

"फॅक्सा? ईग फॅक्स यारिगे बेकु?" आजच्या दिवसांत फॅक्स हवा कुणाला, असा सवाल. मग साहेब पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगा. आत काय चालतं?"

"दाखले जातात, साहेब. व्हॉल्व्हचे."

"सगळे असंच सांगतात." सगळे म्हणजे कोण, हे शरच्चंद्राला विचारवेना. साहेबांनी फर्मावलं की लाइन खरोखर फॅक्सचीच आहे याचा पुरावा म्हणून त्यांच्या कचेरीला एक फॅक्स करावा. शरच्चंद्रानं नंबर मागितला. तेव्हा कळलं, कचेरीतलं फॅक्स यंत्र भंगारात जाऊन वर्षं लोटली. मग साहेबांनी स्वतःशीच तह केला आणि फॅक्स केल्याचं ईमेलनं कळवायला सांगितलं. निघताना मागून आवाज आला, "नजर ठेवतो हं तुमच्यावर!" इतकी वर्षं सरळ रेषेत जगलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. खाली उतरून त्यानं उसाचा रस मागवला, आणि रसवाल्याकडेही जरा निरखूनच पाहिलं.

नवरात्र आलं. खंडेनवमीला या गावात रिक्षापासून रोलरपर्यंत सगळ्यांना सुट्टी आणि हळदकुंकू. कचेरीच्या दाराला केळीचे खांब लागले, उंबऱ्यावर कोहळा फुटला, कडलेपुरीच्या, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांच्या, पुड्या वाटल्या गेल्या. घरची माणसंही पूजेला येतात. सुचेता जरीकाठाचं नेसून आली होती. दरवर्षी फॅक्स यंत्राची पूजा शरच्चंद्र करी, पण यंदा यंत्र माळ्यावर गेलेलं.

"अण्णा, आता सर्व्हरची करा," महांतेश म्हणाले.

"कुठं करू? तो कुठंच नाही ना."

प्रणीतनं डोकं खाजवलं आणि बोट स्कॅनरकडे दाखवलं. सर्व्हरचा दिसणारा देह काय तो तेवढाच. मग त्या पांढऱ्या पेटीच्या झाकणावर कुंकू लागलं, शेवंती आली, लिंबू आलं. सगळे भोवती जमून कौतुक करत होते. किती लहान, किती शहाणा, बटण दाबलं की कसा गुणगुणतो.

सुचेतानं हे पाहिलं आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "नवं लेकरू आहे. सगळे टक लावून बघताहेत. तीट लावा."

"त्याला? माझ्या पोटावर पाय देणाऱ्याला?"

"अहो, सवतीच्या पोरालासुद्धा तीट लावतात." तिनं पिशवीतून काजळाची डबी काढली. एरंडेलाच्या दिव्यावर वाटी धरून घरी पाडलेलं काजळ. दोन आंघोळींत न जाणारं. आणि आईकडून आलेली ओवी ओठांतल्या ओठांत म्हणाली:

काळी काजळाची तीट, लावा गालाच्या कोन्याशी
शेजीच्या गं नजरा, बाई, थांबल्या उंबऱ्याशी

तीट दिसू नये अशी लावायची. बाळाच्या कानामागं नाहीतर तळपायाला. शरच्चंद्रानं चौफेर पाहिलं, हळूच झाकण उचललं आणि आतल्या काचेच्या कोपऱ्यात बोट टेकवलं. त्याच्या जुन्या यंत्रात कागद फटीतून ओढला जाई. काच त्यात नव्हतीच. ही काच म्हणजे त्याला वाटलं, कागदाला बसायचा पाट. पाटाखालून यंत्र डोळे उघडून बघत असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सर्व्हरबद्दल काही विचारायचं नाही ही तर त्यानं शपथच घेतली होती. झाकण मिटलं. पुढं कडलेपुरी खाण्यात ही गोष्ट त्याच्या मनातून पार निघून गेली.

आठवडा सरला आणि ओकुमुरांचा फॅक्स आला. तो आता महांतेशांच्या मेलमध्ये उतरे, कागद होतच नसे. आकाशाचा त्यात उल्लेख नव्हता. 'हल्ली आपल्या प्रत्येक दाखल्यावर उजवीकडे खाली, सहीजवळ, एक काळं वर्तुळ असतं. कृपया खुलासा व्हावा.'

महांतेशांनी दाखले उघडून पाहिले. खरंच. प्रत्येक पानावर, त्याच जागी, वाटाण्याएवढा काळा ठिपका.

"हे काय रे प्रणीत?"

"सर, सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच नाही."

"लॉगमधी नसंल, कागदावर आहे की! कागद पाठवतो का लॉग पाठवतो आपण?"

प्रणीतनं सर्व्हर तपासला, लाइन तपासली, स्कॅनरचा प्रोग्रॅम काढून नवा घातला. एवढं सगळं केलं, पण झाकण उचललं नाही. शिकलेल्या माणसाला आधी आकाशात बघायची सवय असते. बाकीचे रोज त्या काचेवर पानं ठेवत होते, सरकवत होते, आणि ठिपका कडेनं रोज जरा जरा फरफटत होता. दाखल्यांचा कागद पातळ, वरच्या फटीतून घातला तर चुरगळे, म्हणून एकेक पान काचेवरच. पण ठेवणाऱ्याची नजर मोबाईलमध्ये, आणि ज्यांना ठिपका दिसला त्यांना वाटलं, कंपनीनंच छापून दिलाय कोपऱ्याची खूण म्हणून.

इकडे ओसाकाला उत्तर तर द्यायला हवं. महांतेश धंद्यातले. 'माहीत नाही' हे शब्द त्यांच्या घराण्यात कुणी उच्चारले नव्हते. त्यांनी छातीठोक लिहून टाकलं: 'ते आमचं नवं सुरक्षाचिन्ह आहे. चिन्ह नसेल तो दाखला खोटा समजावा.' आणि प्रणीतला म्हणाले, "कोण करतंय ते शोध. नाही सापडलं तर पुण्याची गाडी पकड."

शरच्चंद्राला मनातून गुदगुल्या झाल्या. सर्व्हर नापास, तर खोली शाबूत. पण संशय गुदगुल्यांना जागा देत नाही. नरसिंहरावांनी तर निदानच केलं.

"लढाईच्या दिवसांत पत्रं फोडून वाचायचे, अन् वाचलेल्यावर खूण करायचे. म्हणजे दुसऱ्यानं परत वाचू नये. तुमच्या दाखल्यांवर खूण आहे म्हणजे वाचून झालेत. आता कोण वाचतंय एवढंच बघ. तो पुण्याचा पोरगा राहतो कुठं?"

"इंदिरानगरला. आणखी चौघांबरोबर."

"चौघांबरोबर!" नरसिंहराव एवढंच म्हणाले. पण असं म्हणाले की शरच्चंद्राला ते चौघे रात्रंदिवस व्हॉल्व्हचे दाखले वाचताना दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शरच्चंद्र पाळतीवर बसला. बसला म्हणजे स्कॅनरच्या टेबलामागं बुटाची नाडी बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. ठिपका लावणारा येईल, लावेल आणि सापडेल. आले ते महांतेश.

"अण्णा, काय करताय?"

"नाडी."

"चप्पल घातलीय की तुम्ही."

शरच्चंद्रानं खाली पाहिलं. चप्पलच होती. त्या क्षणी धरणीमाय दुभंगली असती तर त्यानं तिला पुढे होऊन मदत केली असती. महांतेश 'आनेकलची हवा खरंच लागणार यांना' अशा नजरेनं बघत निघून गेले.

अपमानानं माणूस धीट होतो. आता आपणच यंत्राची उलटतपासणी घ्यायची, असं ठरवून त्यानं एक कोरं पान घेतलं. कोऱ्या पानावर ठिपका आला, तर करणारा आतच बसलाय हे सिद्ध. आयुष्यात पहिल्यांदा पान ठेवण्यासाठी त्यानं ते झाकण उचललं.

काचेच्या कोपऱ्यात, बाळाच्या गालावर असावी तशी, तीट.

जरीकाठ आठवला. ओवी आठवली. आपलं बोट आठवलं. शरच्चंद्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो हेर, तो खूण करणारा, इंदिरानगरचा तो पाचवा माणूस ज्याच्यावर आपण पाळत ठेवून होतो, तो चप्पल घालून इथंच उभा होता.

त्यानं रुमालानं पुसलं. एरंडेलाचं काजळ ते, निघेना. थुंकी लावली. पसरलं. शेवटी डब्यातल्या लोणच्याचं तेल बोटावर घेऊन चोळलं, तेव्हा कुठं सुटलं. काच लख्ख झाली. स्कॅनरला कैरीचा वास राहिला, पण वास अजून फॅक्सनं जात नाही.

आता जाऊन सांगायचं. पण धीर गोळा होईपर्यंत दुपारचे दाखले त्या काचेवरून निघूनही गेले. काळा रुमाल खिशात दाबून तो महांतेशांच्या केबिनपर्यंत गेला. आत महांतेश प्रणीतच्या पाठीवर थाप मारत होते. "गेला की रे ठिपका! शाब्बास! काय केलंस?"

"सर, बहुतेक माझ्या अपडेटनं फिक्स झालं," प्रणीत म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. आठवडाभरात तो प्रथमच हसला होता, आणि हसल्यावर अगदीच कोवळा दिसत होता.

"अण्णा, या या. सर्व्हर पास झाला. खोलीचं सामान आवरायला घ्या."

शरच्चंद्र दारातच थांबला. बोलावं तर पोराचं हसू जाईल, न बोलावं तर आपली खोली. जीभ उचलेपर्यंत महांतेश फोनवर कॉफीच्या यंत्राचं बोलू लागले होते. शरच्चंद्र परत फिरला, आणि करंजाच्या झाडाकडे बघत त्यानं सुचेताचा विणलेला रुमाल पिशवीत भरला.

पण पुसणाऱ्याच्या हे लक्षात आलं नव्हतं, की महांतेशांनी आपल्या शब्दाला कुलूप घालून किल्ली ओसाकाला दिलेली होती.

दोन दिवसांत फॅक्स आला. 'नवीन दाखल्यांवर सुरक्षाचिन्ह नाही. आपल्याच सूचनेप्रमाणे ते खोटे समजले आहेत. माल बंदरात थांबवला आहे.'

महांतेशांचा चेहरा उतरला. वर्षाचा सगळ्यात मोठा माल बंदरात, आणि तो अडवला कुणी, तर त्यांच्याच वाक्यानं. "प्रणीत, तो ठिपका परत आण!"

"सर, नो इश्यू." प्रणीतनं कॉम्प्युटरवर गोल काढला, काळा भरला, प्रत्येक पानावर आपोआप उमटेल असा सर्व्हरला लावून दिला. दाखले गेले. कचेरीभर निःश्वास सुटला.

उत्तर लगेच आलं, आणि ते आणखी थंड होतं. 'आजची तिन्ही वर्तुळं केसाइतकाही फरक नसलेली आहेत. आधीची वर्तुळं रोज थोडी वेगळी असत. कधी फुगलेली, कधी फरफटलेली. ती हाताची होती. ही नक्कल आहे असा आम्हाला संशय आहे. खऱ्या माणसाशी बोलायचं आहे.'

महांतेश मटकन बसले. प्रणीतचा चेहरा पुण्याच्या गाडीत बसल्यासारखा झाला.

शरच्चंद्र दाराशी उभा राहून हे ऐकत होता. गप्प राहिलं तर सर्व्हर बुडतो, हे खरं. पण त्याच्याबरोबर आनेकल बुडतं, महांतेश बुडतात, हा पोरगाही. खोली उरेल, पण कुणाच्या दाखल्यांसाठी? आणि कुठेतरी समुद्रापलीकडे बसून एक कारकून आपल्या बोटाचा ठसा ओळखतोय, नक्कल ओळखतोय, आणि त्याला खोटं पाठवताहेत.

"मालक," तो म्हणाला, "सुचेताला फोन करू द्या. काजळाची डबी आणायला सांगतो."

महांतेशांना वाटलं, अण्णा गेले. कामातून गेले. पण शरच्चंद्रानं खंडेनवमीपासून लोणच्यापर्यंत सगळं सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. शेवटी त्या दिवसापासून खिशातच राहिलेला काळा रुमाल टेबलावर ठेवला. तो रुमाल कुणाही न्यायाधीशापुढे चालला असता.

महांतेशांनी रुमालाचं टोक चिमटीत धरून उचललं.

"तीट," महांतेश म्हणाले. "स्कॅनरला."

"नवा होता, मालक. सगळे टक लावून बघत होते."

"अन् तुम्हाला तर तो नको होता की."

"नकोच होता. पण नजर लागू देणं वेगळं."

प्रणीत मध्येच म्हणाला, "म्हणजे... माझ्या अपडेटनं गेला नव्हता?" आणि मग तोच इतका हसला की महांतेशांनाही हसू आवरेना. शरच्चंद्र तेवढा हसला नाही. आपली फजिती आपल्याला हसू येण्याआधी चारदा रडवते.

सुचेता रिक्षा करून आली. वाटेत नरसिंहराव भेटले, तेही चढले. पुराव्याची जागा बघायला हवी म्हणाले. सगळ्यांसमक्ष झाकण उघडलं. शरच्चंद्रानं बोट काजळात बुडवलं आणि काचेला टेकवलं. सुचेता काही पुटपुटली. नरसिंहरावांनी वाकून ठिपका पाहिला, नाक उडवलं, "लोणच्याचा वास येतोय, हे संशयास्पद आहे," असं बजावलं. दाखले गेले.

उत्तर येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग महांतेशांच्या पडद्यावर पान उतरलं.

'चिन्ह पाहिलं. माल सोडला आहे. माझे साहेब विचारतात, हे चिन्ह कोण करतं? मी सांगितलं, एक माणूस करतो. बरोबर ना?'

महांतेशांनी खुर्ची वळवली. "प्रणीत, स्कॅनर उचल. अण्णांच्या खोलीत ठेव. कॉफीचं यंत्र जिन्याखाली बसव की."

"आणि आनेकल?" शरच्चंद्रानं विचारलं.

"आनेकलला बोट कोण पाठवणार? बोट इथंच पाहिजे."

प्रणीतला राहवलं नाही. "सर, आपण रोज वेगवेगळे ठिपके रँडमली जनरेट करू शकतो. थोडे फुगलेले, थोडे फरफटलेले..."

"पोरा," सुचेता त्याला म्हणाली, "यंत्रानं यंत्राला तीट लावून नजर उतरत नाही. जेवलास का तू?"

खोलीची कडी परत लागू लागली. रोज सकाळी शरच्चंद्र आत जातो, दार लावून घेतो, कारण तीट चारचौघांत लावायची नसते. मग दाखले सर्व्हरच्या हवाली करतो. सर्व्हर अजूनही कुठंच नाही, आणि शरच्चंद्राचा त्याच्यावरचा विश्वास तेवढाच आहे. पण येणारे फॅक्स आता त्याच्याही पडद्यावर उतरतात. प्रणीतनंच तशी सोय करून दिली.

काल ओकुमुरांचा आला. 'दाखला मिळाला. आज इथे ऊन आहे.' खाली त्यांचा गोल शिक्का, आणि शिक्क्याच्या शेजारी, कधी नव्हता असा, एक बारीक, जरासा फरफटलेला काळा ठिपका.

शरच्चंद्र चमकला. पडद्यावर धूळ असेल. किंवा सर्व्हरचा नवा चावटपणा. त्यानं चष्मा पुसला, मग सुचेताचा रुमाल घेऊन पडदा पुसला, मग बोटानं खरवडून पाहिलं.

ठिपका पुसला गेला नाही.

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग कागद ओढला आणि लिहिलं, 'इथेही.'